वसंतांतले हिमलोट

वसंत ऋतु म्हटला कीं आपल्या मनासमोर जें चित्र उभें राहतें त्यांत आंब्याचा मोहोर असतो, कोकिळेचा स्वर असतो, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचें पन्हें असतें. कवींनीं या ऋतूला ऋतुराज म्हटलें, तें गोदा-कृष्णेच्या मुलखांत शोभूनहि दिसतें. परंतु हिमालयांतल्या किंवा आल्प्समधल्या खेडुताला विचारलें, तर तो या ऋतूविषयीं इतक्या मोकळ्या मनानें बोलणार नाहीं. थंडी सरली, दिवस मोठा झाला, आकाश निवळलें, वाट मोकळी होऊं लागली, आणि नेमक्या याच आठवड्यांत डोंगरावर सांठलेलें सबंध हिंवाळ्याचें बर्फ खालीं यावयास निघतें. त्याला आपण हिमलोट म्हणूं. हिमस्खलन हा संस्कृत वळणाचा शब्द वृत्तपत्रांतून रूढ झाला आहे; पण या वस्तूचें रूप, वेग आणि आवाज ध्यानांत आणतां लोट हाच शब्द मला अधिक खरा वाटतो.

श्रोतेहो, हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असें मानण्याचे दिवस आतां उरले नाहींत. पुण्यामुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या घरांघरांतून मुलें-मुली एप्रिल-मेच्या सुट्टींत पाठीवर पिशवी बांधून हिमालयांत पायीं फिरावयास जातात. वडीलमंडळी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास केदार-बदरीची यात्रा धरतात. सह्याद्रींत वाढलेल्या पायांना एक हिशेब पाठ असतो. उशीर झाला तर ऊन लागेल, तहान लागेल, फार तर मुक्कामाला पोंचतां पोंचतां अंधार पडेल. वसंतांतल्या हिमालयांत उशीर होण्याचा अर्थ अगदीं निराळा आहे. तो समजावयास माणसाला किती किंमत द्यावी लागली, आणि ती किंमत बहुधा कोणी दिली, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम बर्फ कां घसरतें तें पाहूं. सुपांत रवा घ्यावा आणि सूप हळूहळू तिरकें करावें. थोड्या कलापर्यंत रवा जागचा हालत नाहीं. एका मापापुढें सगळा थर एकदम सुटतो. डोंगरावरच्या बर्फाचें हें माप साधारण ३० ते ४५ अंशांचें आहे. बहुतेक हिमलोट याच उतारांवर सुटतात. याहून सपाट जागीं बर्फ टिकून राहतें, आणि याहून फारच उभ्या कड्यावर तें सांठतच नाहीं, पडतां पडतांच ओघळून जातें. आपल्या घरांतल्या जिन्याचा चढ बहुधा या मापांत बसतो. म्हणजे माणसाला चढावयास जो उतार सोयीचा वाटतो तोच हा.

रवा एकजात असतो. डोंगरावरचें बर्फ तसें नसतें. हिंवाळाभर त्याचे थरावर थर पडत जातात. एखादा कोरडा व भुसभुशीत, एखादा वाऱ्यानें थापून घट्ट केलेला, एखादा उन्हानें वितळून पुन्हां गोठलेला. दोन थरांमधला सांधा कच्चा राहिला कीं वरचा थर खालच्यावरून सरकण्यास निमित्तच शोधीत असतो. हें निरीक्षण फार जुनें आहे. इसवी सनापूर्वीं २१८ सालीं हानिबाल हत्तींसह आल्प्स ओलांडून इटलींत उतरला. त्या उतरणीचें वर्णन पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानें केलें आहे. हा गृहस्थ ती वाट पाहण्यासाठीं स्वतः आल्प्समध्यें जाऊन आलेला होता. आदल्या हिंवाळ्याच्या जुन्या घट्ट बर्फावर नवें बर्फ पडलें होतें. नव्या थरांत पाय सहज रुते, पण तो खालच्या थराला टेकतांच माणसें आणि जनावरें घसरून जात, असें तो लिहितो. बर्फाचे थर हें संकटाचें मूळ आहे, ही गोष्ट त्यांत स्पष्ट आली आहे.

वसंतांत या थरांत पाणी शिरतें. दिवाळींतल्या किल्ल्याची माती आठवा. कोरड्या मातीचा तट उभा राहत नाहीं. थोडें पाणी घातलें कीं बुरूज सुरेख वळतो. आणि तेंच पाणी जास्त झालें कीं सबंध तट बसकण मारतो. बर्फाचेंहि असेंच आहे. दिवसा उन्हानें वरचें बर्फ वितळतें, तें पाणी झिरपत झिरपत खालच्या थरापर्यंत, कधीं थेट कातळापर्यंत जातें, आणि थरांचे सांधे सुटूं लागतात. वजन तर वाढतच असतें. ओल्या बर्फाच्या एका घनमीटरचें वजन तीन-चारशें किलो सहज भरतें. मग रात्र होते. आकाश निरभ्र असलें तर बर्फाची उष्णता वर निघून जाते, पाणी गोठतें, आणि पहाटेस तोच उतार फरशीसारखा टणक होतो. त्यावरून माणूस निर्धास्त चालूं शकतो. सूर्य उगवला कीं प्रथम पूर्वेकडे तोंड असलेले उतार सैल पडूं लागतात, मग दक्षिणेकडचे, आणि दुपारनंतर पश्चिमेकडचे. डोंगराला जणूं एक घड्याळच बसविलेलें असतें. मात्र या घड्याळाला किल्ली रात्रीच्या आकाशाची लागते. रात्रभर ढग राहिले, किंवा पाऊस पडला, तर बर्फ गोठतच नाहीं, आणि मग पहाटेच्या त्या निर्धास्तपणाला कांहींच आधार उरत नाहीं. हा मुद्दा श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

कोरडा हिमलोट ताशीं दोनशें किलोमीटरहूनहि अधिक वेगानें येऊं शकतो. ओला तितका धांवत नाहीं, पण वाटेंतले दगड-झाडें घेऊन येतो आणि थांबला कीं गिलाव्यासारखा जागच्या जागीं घट्ट होतो. त्यांत सांपडलेल्याला हाताचें बोट हलवितां येत नाहीं. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलें तर तो बहुधा वांचतो. अर्धा तास उलटला कीं आशा झपाट्यानें मावळते. दूरच्या गांवाहून मदत येईपर्यंत ही मुदत कधींच संपलेली असते. जो काढणार तो बरोबरचा सोबतीच.

डोंगराळ मुलखांतल्या लोकांना हें सर्व शास्त्रावांचून ठाऊक होतें. श्रीनगरहून लेहला जाणाऱ्या वाटेवर सुमारें ११,५०० फूट उंचीची जोजी ला नांवाची खिंड आहे. मोटार-रस्ता होण्यापूर्वीं वसंतांत तेथून जाणारे हमाल आणि व्यापारी रात्रींच्या रात्रीं, बर्फ टणक असतां, खिंड ओलांडीत आणि ऊन चढण्याच्या आंत पलीकडे होत. स्वित्झर्लंडमधल्या आंदरमाट गांवानें तर १३९७ सालींच आपल्या माथ्यावरच्या रानाला कुऱ्हाड लावण्यास मनाई करणारा लेख करून ठेवला. झाडें उभीं आहेत तोंवर बर्फ अडून राहील, हें त्यांनीं ओळखलें होतें. लांकूडफाट्यावांचून जेथें हिंवाळा काढतां येत नाहीं त्या गांवानें असा निर्बंध स्वतःवर घालून घ्यावा, ही कांहीं लहानसहान गोष्ट नव्हे. आपल्याकडच्या देवराईला देवाचें भय राखतें. त्या राईला बर्फाच्या भयानें राखलें.

अशा लोकांचें न ऐकतां पुढें गेलेल्या एका प्रवाशाची हकीकत सांगण्याजोगी आहे, कारण त्याचा आपल्या गोव्याशीं जवळचा संबंध होता. अंतोनियु द आंद्रादे हा पोर्तुगीज जेझुइट पाद्री १६०० सालीं गोव्यास आला. तिबेटांत ख्रिस्ती लोक असावेत अशी त्या काळीं एक समजूत होती, त्यांचा शोध घेण्यासाठीं तो १६२४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस आग्ऱ्याहून निघाला आणि हिंदु वेष करून बदरीनाथच्या यात्रेकरूंत मिसळला. बदरीनाथच्या पुढचें शेवटचें गांव माणा. तेथून तिबेटांत जाणारी खिंड अठरा हजार फुटांहून उंच आहे. ती वर्षांतून फार थोडे दिवस मोकळी असते, आणि गांवचे लोक ती उघडण्याची वाट पाहत होते. आंद्रादेला वाट पाहण्यास सवड नव्हती. गढवालच्या राजाचीं माणसें आपल्याला परत नेतील ही धास्ती होती. दोन नोकर आणि एक वाटाड्या घेऊन तो खिंड मोकळी होण्यापूर्वींच चढूं लागला. वाटाड्या पुढें माघारी फिरला. हे तिघे चालत राहिले. बर्फ कंबरेपर्यंत, कोठें छातीपर्यंत येई. कोठें कोठें तर आडवें पडून पोहल्यासारखें पुढें सरकावें लागे. थंडीनें हातापायांची संवेदना गेली, एका बोटाचें टोंक तुटलें तें रक्त दिसेपर्यंत कळलें नाहीं, आणि बर्फावरच्या प्रखर प्रकाशानें डोळे इतके सुजले कीं पुढें कित्येक दिवस प्रार्थनापुस्तकांतलें अक्षर ओळखूं येईना. अखेर माघारी यावें लागलें. मग मात्र तो थांबला, आणि खिंड रीतसर मोकळी झाल्यावर लोकांबरोबर जाऊन ऑगस्टांत तिबेटांतल्या चापरांग शहरीं पोंचला. ही सर्व हकीकत त्यानें स्वतःच लिहून ठेवली. ती १६२६ सालीं लिस्बनला छापली गेली. पुढें गोव्यास जेझुइटांचा प्रांताधिकारी होऊन तो तेथेंच १६३४ सालीं वारला. त्याच्या धैर्याविषयीं मला शंका नाहीं. पण माणाच्या मेंढपाळांनीं जें काम दोन महिने बसून केलें असतें तेंच त्यानेंहि शेवटीं केलें. मधल्या काळांत त्याचें बोट गेलें, आणि बरोबरच्या दोन नोकरांचें काय काय गेलें असेल याचा विचार इतिहास करीत नाहीं.

आतां एक सेनापति पाहूं. १८०० च्या मे महिन्यांत नेपोलियननें सुमारें ४०,००० फौज ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडींतून इटलींत उतरविली. खिंड आठ हजार फूट उंच, बर्फ अद्याप वितळावयाचें होतें. तोफा गाड्यांवरून काढून कोरलेल्या ओंडक्यांत घातल्या आणि माणसांनीं दोर लावून ओढल्या. चित्रकार दाविदनें या प्रसंगाचें काढलेलें चित्र आपण पाठ्यपुस्तकांत पाहिलेलें असतें. त्यांत नेपोलियन उधळलेल्या घोड्यावर बसलेला आहे. प्रत्यक्षांत तो खेचरावर बसून, एका स्थानिक वाटाड्याच्या हातीं लगाम देऊन गेला. मला त्या घोड्यापेक्षां खेचराचेंच महत्त्व अधिक वाटतें. फौजेच्या तुकड्या मध्यरात्रीनंतर कूच करीत, म्हणजे ऊन लागून बर्फ सुटण्याच्या आंत त्या वर पोंचत. ज्या माणसानें युरोपांतल्या कोणत्याहि राजाचा सल्ला मानला नाहीं त्यानें खिंडीखालच्या खेडुतांचा मानला. माथ्यावर ख्रिस्ती साधूंचा मठ आहे. अकराव्या शतकापासून तेथें वाटसरूंना आसरा मिळत आला आहे, आणि बर्फांत हरवलेल्यांना हुडकणारे त्यांचे कुत्रे प्रसिद्धच आहेत. त्यांनीं शिपायांना भाकरी, चीज आणि दारू वाढली.

त्याच वर्षीं, त्याच राष्ट्राच्या दुसऱ्या सेनापतीनें काय केलें? नोव्हेंबरअखेर माकदोनाल यास स्प्ल्यूगन खिंड ओलांडण्याचा हुकूम झाला. ऋतु वसंताचा नव्हे, हिंवाळ्याच्या तोंडचा होता, पण तुलनेसाठीं सांगतों. पहिल्याच चढावर हिमलोटानें घोडेस्वारांची एक रांग दरींत नेली. वादळ सुरू झालें, वाटाडे कचरूं लागले. माकदोनालनें थांबण्यास नकार दिला, वाटाड्यांना पुढें काढलें आणि स्वतः बर्फ तुडवीत फौज पलीकडे नेली. शंभराहून अधिक माणसें त्या खिंडींत राहिलीं. पराक्रम म्हणून या चढाईचें वर्णन होतें, आणि एका अर्थीं तो पराक्रम आहेहि. परंतु ती तारीख डोंगरानें ठरविलेली नव्हती.

एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली. आगगाडीचें वेळापत्रक छापील असतें, आणि छापील वेळापत्रक व डोंगराचें घड्याळ यांचा मेळ बसेल अशी कोणीं हमी दिलेली नव्हती. अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानांत कॅस्केड पर्वत ओलांडणारा ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा एक मार्ग होता. १९१० च्या फेब्रुवारीअखेर तेथें वेलिंग्टन नांवाच्या ठाण्यावर दोन गाड्या अडकल्या, एक उतारूंची, दुसरी टपालाची. पुढची आणि मागची वाट हिमवृष्टीनें बुजली होती. गाड्या उभ्या होत्या त्यांच्या माथ्यावरच्या उतारावरचें रान पूर्वीं आगींत जळून उजाड झालेलें होतें. आंदरमाटच्या त्या जुन्या लेखाची येथें आठवण होते. दिवसामागून दिवस गेले. कांहीं उतारूंनीं गाडी जवळच्या बोगद्यांत मागें घ्यावी असें सुचविलें. पण बोगद्यांत धूर कोंडेल, कोळसाहि पुरणार नाहीं, असें उत्तर आलें. थोडे धीट लोक बर्फ तुडवीत पायींच खालच्या ठाण्याकडे निघून गेले, ते वांचले. २८ फेब्रुवारीस हिमवृष्टीचा पाऊस झाला. त्या रात्रीं विजा चमकत होत्या. एक वाजून गेल्यावर, म्हणजे १ मार्चच्या प्रारंभीं, सबंध उतार सुटला आणि दोन्ही गाड्या खालच्या नदीच्या घळींत फेकल्या गेल्या. ९६ माणसें मेलीं. त्यांपैकीं उतारू ३५; बाकीचे ६१ रेल्वेचे नोकर-कामगार.

याच्या तीनच दिवसांनंतर, ४ मार्च १९१० रोजीं, उत्तरेस कॅनडांत रॉजर्स खिंडींत कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे कामगार रात्रीं रूळ मोकळे करीत होते. एका डोंगरावरून आलेला हिमलोट ते उपशीत होते. मध्यरात्रीपूर्वीं समोरच्या डोंगरावरून दुसरा आला. ५८ माणसें गेलीं, त्यांतले ३२ जपानी मजूर होते.

श्रोत्यांतले कोणी चाणाक्ष असतील ते विचारतील, कीं हे दोन्ही हिमलोट तर रात्रींच आले; मग रात्र निर्भय कशी? येथेंच मघाचा मुद्दा कामीं येतो. रात्र म्हणून निर्भय नसते, गोठते म्हणून असते. हिमवृष्टीनंतर ऊब आली, वर पाऊस पडला, कीं ती रात्र भर दुपारपेक्षां वाईट. जुन्या नियमाचें शब्द पाठ असणें निराळें आणि त्याचें कारण ठाऊक असणें निराळें. पुढें दोन्ही कंपन्यांनीं डोंगरापुढें हार खाल्ली. कॅनडानें १९१६ सालीं पांच मैल लांबीचा बोगदा काढून खिंडींतला मार्गच सोडला. ग्रेट नॉर्दर्ननें १९२९ सालीं तेंच केलें. वेलिंग्टनचें नांव तर अपघातानंतर बदलून टाकण्यांत आलें. उतारू त्या नांवाला भिऊं लागले होते म्हणे.

आतां आपल्या हिमालयाकडे येऊं. १९२२ सालीं इंग्रजांची मोहीम एव्हरेस्टवर चढावयास गेली होती. दोन प्रयत्न फसले. जूनच्या आरंभीं मान्सूनचें बर्फ पडलें. एखादा दिवस ऊन पडतांच ७ जून रोजीं मॅलरी, सॉमरव्हेल आणि क्रॉफर्ड हे तिघे १४ हमालांसह उत्तर खिंडीच्या उतारावर निघाले. निघाले तेव्हां सकाळचे आठ वाजले होते. दुपारीं दीडच्या सुमारास नवा थर सुटला. तिघे साहेब जवळजवळ उतारावरच राहिले आणि बर्फांतून निघाले. मागच्या दोन दोरांवरचे नऊ हमाल एका हिमकड्यावरून खालीं गेले. दोघांना जिवंत उकरून काढतां आलें, सात गेले. एव्हरेस्टवर चढाईंत झालेले हे पहिले मृत्यु. सॉमरव्हेलनें पुढें लिहिलें आहे कीं त्या सातांत आपल्यापैकीं एखादा असता तर बरें झालें असतें, निदान धोक्याप्रमाणें हानीहि वाटून घेतली असें हमालांना दिसलें असतें. हा मनुष्य शस्त्रवैद्य होता. इंग्लंडांतली प्रतिष्ठा सोडून तो पुढें त्रावणकोर संस्थानांत नेय्यूर येथें अनेक वर्षें गोरगरिबांवर शस्त्रक्रिया करीत राहिला. १९२४ सालीं शामोनी येथें झालेल्या हिंवाळी ऑलिंपिक क्रीडांत या मोहिमेला पदकें देण्यांत आलीं, तींत त्या सात मृत हमालांचाहि समावेश होता.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट मला राहून राहून दिसते. वेळ ठरवितो एक आणि बर्फाखालीं जातो बहुधा दुसरा. पाद्री, सेनापति, रेल्वेचा व्यवस्थापक, मोहिमेचा नायक, यांना घाई करावयास कांहींतरी सबळ कारण असतें. ओझें वाहणाऱ्याला घाई नसते. त्याला फक्त नकार देण्याची सोय नसते. २०१४ सालीं १८ एप्रिल रोजीं एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातांत प्रचंड हिमकडा ढांसळला, तेव्हांहि जे १६ मेले ते सगळे नेपाळी कामकरीच होते. ही घटना सकाळीं पावणेसातच्या सुमाराची. हिमनदीचे कडे आपल्या भाराने तुटतात, ते ऊन-रात्र पाहत नाहींत, आणि म्हणून त्यांच्याखालून जितकें कमी जावें तितकें बरें. कमी जाणें मात्र पाहुण्यांना जमतें. दोर, शिड्या आणि तंबू वर नेणाऱ्यांना तेथूनच अनेक खेपा कराव्या लागतात.

शास्त्राची गोष्ट थोडक्यांत सांगतों. योहान कोआत्स नांवाच्या स्विस वनाधिकाऱ्यानें गांवोगांवच्या हिमलोटांच्या नोंदी जमवून १८८१ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. उतारांवर बांध घालणें, रान वाढविणें या कामांना त्यानें वळण लावलें. १९३६ सालीं दावोसच्या माथ्यावर एका लांकडी खोपटांत बर्फाचे थर कापून तपासण्याचें काम सुरू झालें, त्याची पुढें मोठी संस्था झाली. तरीसुद्धां १९५०-५१ च्या हिंवाळ्यांत एकट्या स्वित्झर्लंडमध्यें ९८ माणसें हिमलोटांत मेलीं, इतका हा शत्रु चिवट. आज तेथें हिंवाळाभर दररोज धोक्याचें पत्रक निघतें आणि त्यांत एक ते पांच अशी धोक्याची पायरी दिलेली असते. आपल्याकडे १९६९ सालीं मनालीस संरक्षण खात्यानें हिम व हिमलोट अभ्यासाची संस्था काढली. १९७९ च्या मार्चांत लाहूल खोऱ्यांत हिमलोटांनीं दोनशेंच्या वर माणसें घेतलीं. २०२० सालीं ही संस्था दुसऱ्या एका संस्थेंत विलीन होऊन तिला नवें नांव मिळालें. चंडीगडहून तिच्याकडून जिल्हावार इशारे निघतात.

आपल्या मुलांनीं वसंतांत हिमालयांत जाऊं नये, असें म्हणणाऱ्यांपैकीं मी नाहीं. जावें, पण निघण्यापूर्वीं तो इशारा वाचावा. रात्रीं दोन-तीन वाजतां तंबूंतून डोकें बाहेर काढून आकाशाकडे पाहावें. चांदण्या दिसत असल्या आणि बर्फ पायाखालीं करकरत असलें तर चालूं लागावें, आणि नऊ-दहाच्या आंत उतारावरून बाजूला व्हावें. आकाश झांकलेलें असलें, किंवा दोन दिवसांत नवें बर्फ पडलें असलें, तर तंबूंत चहा घेत बसावें. पाय घोट्यापर्यंत रुतूं लागला कीं घड्याळांत कितीहि वाजलेले असोत, वेळ संपली असें समजावें. संशयाचा उतार एकेकानें ओलांडावा, बाकीच्यांनीं सुरक्षित जागीं उभें राहून त्याच्यावर नजर ठेवावी. प्रत्येकाच्या अंगावर संकेत पाठविणारें छोटें रेडिओयंत्र, पिशवींत जोडकांबीची काठी आणि फावडें असावें. आणि तुकडीचा नायक कितीहि उत्साही असला तरी स्थानिक हमाल जर पाऊल टाकण्यास कां-कूं करूं लागला, तर त्याला भित्रा न समजतां कारण विचारावें. आणखी एक. परतीच्या गाडीचें तिकीट काढतांना मध्यें दोन रिकामे दिवस ठेवावेत. डोंगरांतली पुष्कळशी घाई त्या तिकिटांतून येते.

आंद्रादे ज्या माणा गांवाहून बर्फांत शिरला तेथें आज मोटारीचा रस्ता आहे, आणि खिंडीकडे जाणारा लष्करी रस्ता सीमा-रस्ते संघटनेचे मजूर राखतात. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर तेथें फार मोठी हिमवृष्टी झाली. २७ तारखेस चंडीगडहून इशारा निघाला होता. २८ तारखेला भल्या पहाटे, मजूर आपल्या लोखंडी पेट्यांच्या खोल्यांत झोंपलेले असतां, वरचा उतार सुटला आणि ५४ माणसें गाडलीं गेलीं. त्या लोखंडी भिंतींनीं पुष्कळांना श्वास घेण्यापुरती पोकळी राखून ठेवली. लष्कराच्या जवानांनीं वाऱ्यांत, पडत्या बर्फांत तीन दिवस खणलें. ४६ जण जिवंत निघाले, ८ गेले. रस्त्यावरचें बर्फ हटविणें हेंच त्यांचें काम होतें.